पाच नंबरचा स्लॉट, चार नंबरची केबल

प्रश्न : दादा, मी अकोल्याचा, नोकरी हिंजवडीत. पीजीत माझ्या वाट्याला आलेलं टेबल जेमतेम दोन फुटांचं, म्हणून छोटा गेमिंग पीसी बांधायचं ठरवलं. ऑफर होती म्हणून कॅबिनेट आधीच घेऊन बसलोय. अकरा लिटरचं आहे. मधल्या पत्र्याच्या एका अंगाला मदरबोर्ड, दुसऱ्या अंगाला ग्राफिक्स कार्ड, आणि दोघांना जोडणारी रायझर केबल सोबत आली आहे. तिच्यावर पीसीआयई ४.० (डेटाच्या वाटेची चौथी पिढी) लिहिलंय. प्रोसेसर रायझन ५ ७६००, कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबी, हे ठरलं. गाडी अडलीय ती मदरबोर्डवर. एकाच कंपनीचे दोन मिनी-आयटीएक्स (छोट्या आकाराचे) बोर्ड आहेत. एक बी६५०, दुसरा बी८५०, तो साडेपाच हजारांनी महाग. तक्ता शेजारी शेजारी ठेवला तर नव्वद टक्के सारखंच. नव्यात ग्राफिक्सचा स्लॉट ५.०, एसएसडीचा स्लॉट ५.० आणि त्यावर छोटा पंखा, वाय-फाय ७. जुन्यात दोन्ही स्लॉट ४.० आणि वाय-फाय ६ई. तीन आठवडे व्हिडिओ बघतोय. मित्र म्हणतात, पुढचा विचार कर, महागातला घे. दोनेक वर्षांनी गेमिंगसाठीचा एक्स३डी प्रोसेसर टाकायचा बेत आहे. शिवाय दिवाळीत आणि मे महिन्यात पीसी घरी नेणार. कुठला घेऊ?

उत्तर : दादा म्हणालास, म्हणून मीही अरे-तुरेवर येतो. स्वस्तातला घे. बी६५०. एक अट आहे, ती पुढे येईल; पण ती तुझ्या तक्त्यातल्या कुठल्याच ओळीबद्दल नाही.

तीन आठवडे तू ज्या दहा टक्क्यांवर घालवलेस, त्यातली सगळ्यात ठळक ओळ म्हणजे ग्राफिक्सचा ५.० स्लॉट. आणि त्या ओळीचा निकाल तुझ्याच पत्रात, काही वाक्यं आधी, लागलेला आहे. तुझ्या कॅबिनेटमध्ये कार्ड बोर्डाच्या स्लॉटात बसतच नाही. ते रायझर केबलच्या दुसऱ्या टोकाला बसतं. केबल ४.० ची आहे. समृद्धीवरून सुसाट आलास तरी शेवटी वाकडच्या चौकातूनच हिंजवडीत शिरायचं ना? तसंच आहे हे. पाच नंबरचा स्लॉट आणि पाच नंबरचं कार्ड यांच्या मधोमध चार नंबरची केबल. साडेपाच हजारांतला मोठा वाटा तिथेच जिरला.

नुसता जिरला असता तर ठीक होतं. तो त्रासही देतो. गेल्या वर्षी भाच्यासाठी असंच एक कॅबिनेट जुळवत होतो. बोर्ड ५.० चा, कार्ड ५.० चं, केबल ४.० ची. रात्री अकराला बटण दाबलं. पंखे फिरले, रॅमचे दिवे लागले, मॉनिटर काळा. रॅमची एक काडी काढली, दुसरी लावली. मॉनिटरची केबल बदलली. भाच्याने तोवर कंपनीला शिव्या घालायला सुरुवात केली होती. साडेबाराला कार्ड काढून बाजूला ठेवलं आणि एचडीएमआयची वायर थेट बोर्डाच्या पाठीत खुपसली, तर लगेच चित्र! रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांच्या पोटात कामचलाऊ ग्राफिक्स असतं, तुझ्या ७६०० मध्येही आहे, त्याचा हा उपयोग. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन पाहिलं तर स्लॉटचा वेग ‘ऑटो’वर. बोर्ड म्हणत होता मी पाच, कार्ड म्हणत होतं मीही पाच, दोघांनी हात मिळवला, आणि मधल्या केबलला तो वेग झेपेना. सेटिंग ऑटोवरून ‘जेन ४’ (म्हणजे ४.०) केलं, कार्ड परत लावलं, गेम सुरू. दोन महिन्यांनी भाच्याने बायोस अपडेट केला, सेटिंग पुन्हा ऑटोवर गेलं, आणि मला पुन्हा फोन.

बी६५० मध्ये स्लॉटच ४.० चा असल्यामुळे ही भानगड उद्भवतच नाही. केबल आणि स्लॉट एका वेगाचे, कार्ड गपगुमान त्यांच्या वेगाने चालतं. म्हणजे तुझ्या कॅबिनेटपुरता स्वस्त बोर्ड हाच बिनकटकटीचा बोर्ड आहे.

आता मित्रांच्या ‘पुढचा विचार’ या मुद्द्याकडे येऊ. बी६५० आला ऑक्टोबर २०२२ मध्ये, बी८५० जानेवारी २०२५ मध्ये. सव्वादोन वर्षांचं अंतर, आकडा दोनशेने वाढलेला, तेव्हा आत काहीतरी नवं असणार असं कोणालाही वाटेल. पण दोन्हींवरचा चिपसेट (यूएसबीसारख्या जोडण्या सांभाळणारी बोर्डावरची चिप; बी६५०, बी८५० ही त्याचीच नावं) म्हणजे तीच एक चिप आहे, प्रोमोंटरी २१ नावाची. पाटी बदलली, दुकान तेच. एएमडीने बदलले ते नियम: बी८५० म्हणवून घ्यायचं तर एसएसडीसाठी एक ५.० स्लॉट द्यायलाच हवा, वगैरे. ग्राफिक्स कार्डाच्या लेन्स, म्हणजे डेटा ये-जा करायच्या मार्गिका, तर चिपसेटमधून येतच नाहीत. त्या थेट प्रोसेसरमधून निघतात, आणि तुझ्या ७६०० ला ५.० येतं. बोर्ड बनवणाऱ्याने स्लॉटपर्यंतच्या तांब्याच्या रेषा किती दर्जाच्या टाकल्या, एवढाच प्रश्न उरतो. त्या दर्जाचे पैसे तू मोजणार आणि मग मध्ये केबल घालणार, असा तो व्यवहार आहे.

एक्स३डीचं म्हणशील तर त्या बाबतीत दोन्ही बोर्ड सख्खे भाऊ. सॉकेट एकच, एएम५. ते २०२७ आणि त्यापुढेही चालवू असं एएमडीने जाहीर केलंय. वीज पुरवणारे फेजेसही, एकाच कंपनीचे हे दोन सख्खे शेजारी असल्यामुळे, तुला तक्त्यात सारखेच दिसले असतील. आणि गेमिंगचे एक्स३डी प्रोसेसर काही विजेचे राक्षस नाहीत. ७८००एक्स३डीची मर्यादा कागदावर १६२ वॅट असली तरी गेम खेळताना तो त्याच्या निम्म्याच्याही आत असतो. तुझा ७६०० तर ८८ वॅटच्या पुढे जातच नाही. फेजेस मोजत बसायची गरज नाही.

एक मात्र कर. ज्या दिवशी एक्स३डी आणशील त्याच्या आदल्या दिवशी, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, बायोस अद्ययावत करून घे. २०२३ च्या एप्रिलमध्ये ७००० मालिकेतले काही एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याचे फोटो फिरले होते. त्यानंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरच्या एका भागाला मिळणाऱ्या विजेच्या दाबाला) १.३ व्होल्टची मर्यादा घातली, ती बायोसमधूनच आली. शिवाय ९००० मालिका ऑगस्ट २०२४ ची. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बी६५० ला ती ओळखीची नसेल. बोर्डाच्या पाठीला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर उत्तमच, प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून काम होतं.

एसएसडीच्या ५.० स्लॉटचं दोन ओळींत आटपतो. चांगली ४.० एसएसडी सेकंदाला ७००० एमबीच्या आसपास वाचते. ५.० वाली दहा हजारांच्या पुढे जाते आणि तापतेही तशीच. गेम उघडताना त्यातला फरक घड्याळ लावून शोधावा लागतो. आणि तो छोटा पंखा! बोटभर व्यासाचा पंखा अकोल्याच्या मे महिन्यातल्या धुळीत एक मोसम नीट चालेल, दुसऱ्या मोसमात डासासारखा गुणगुणायला लागेल. मी तर त्याला महागड्या बोर्डातली उणी बाजूच म्हणेन. वाय-फाय ७ चं सुख राउटरही ७ चा असेल तर. पीजीवाल्या काकूंचा राउटर कुठल्या जमान्यातला आहे ते तूच बघून घे.

आता एक गोष्ट, जी तू विचारलीच नाहीस. कार्ड ८ जीबीचं का? आरटीएक्स ५०६० टीआय दोन रूपांत मिळतं, ८ आणि १६ जीबी. दोन्हींना पीसीआयईच्या फक्त आठच लेन्स आहेत. ४.० वर आठ लेन्स म्हणजे दर दिशेला सेकंदाला साधारण १६ जीबी, ५.० वर दुप्पट. कार्डाची स्वतःची मेमरी पुरत असेल तोवर या आकड्यांना काही अर्थ नाही, गेमला फरक कळतही नाही. पण टेक्श्चर वाढवलेस आणि ८ जीबी भरून वाहायला लागली की कार्ड उरलेला माल साध्या रॅममधून, याच आठ लेन्सवरून, ओढायला लागतं. तिथे मग झटके बसतात. म्हणजे ५.० स्लॉटचा जो काही खराखुरा फायदा आहे तो आहेच मुळी मेमरी कमी पडलेल्या कार्डाला, आणि तोही तुझी केबल तुला घेऊ देणार नाही. त्यापेक्षा भांडं भरून वाहणारच नाही असं बघ. बोर्डावर वाचलेले साडेपाच हजार घे, वर लागतील तेवढे घाल आणि १६ जीबीचं कार्ड आण. दोन-तीन महिने थांबावं लागलं तरी थांब. तोवर ७६०० च्या पोटातल्या ग्राफिक्सवर जुने गेम आणि ऑफिसचं काम दोन्ही निघतं.

रॅमबद्दल तू लिहिलं नाहीस, पण २०२५ च्या शेवटापासून भाव असे कडाडलेत की ‘सध्या १६ ची एकच काडी घेतो, दुसरी नंतर’ असं मनात आलंच असेल. मिनी-आयटीएक्सवर रॅमच्या खाचा दोनच. आठ-आठच्या दोन काड्या घेतल्यास तर पुढे वाढवताना दोन्ही विकाव्या लागतील. एकच घेतलीस तर तोवर प्रोसेसर एका हाताने जेवल्यासारखा चालेल, आणि नंतरची काडी पहिलीशी जुळेलच असं नाही. सोळा-सोळाची जोडी, ६००० वेगाची, सीएल ३० (हा विलंबाचा आकडा), एक्स्पो प्रोफाइलवाली (म्हणजे तो वेग बायोसमधल्या एका सेटिंगने लागतो) घेऊन टाक आणि विषय संपव. दोनच खाचा म्हणून हळहळायचं कारण नाही. डीडीआर५ च्या चार काड्या भरल्या तर एएम५ वर वेग खालीच येतो.

आता ती अट.

इतक्या छोट्या कॅबिनेटमध्ये बोर्ड निवडायचा असतो तो वेगावर नाही, त्याच्या कडांवर. मिनी-आयटीएक्स म्हणजे १७ सेंटिमीटरचा चौरस, आणि एवढ्याशा जागेत प्रत्येक कंपनी, एकाच कंपनीचे दोन बोर्डसुद्धा, खटके आणि कनेक्टर वेगवेगळ्या कडेला टाकतात. तक्त्यात ते कधीच येत नाही. म्हणून मी एक पोरकट वाटणारा उद्योग करतो. दोन्ही बोर्डांचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्यायचं. सुरुवातीच्या पानांत बोर्डाचं रेखाचित्र असतं. ते मोजून १७ सेंटिमीटरचं छापायचं, ए४ कागद २१ चा असतो, आरामात मावतं. पुठ्ठ्यावर चिकटवायचं, कापायचं आणि रिकाम्या कॅबिनेटमध्ये स्क्रूच्या भोकांवर ठेवायचं. मग लाल पेनाने खुणा कर: चोवीस पिनांचा जाडजूड कनेक्टर कुठे येतोय, प्रोसेसरचा आठ पिनांचा कुठे, समोरच्या यूएसबीचा कुठे. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) त्याच्या जागी ठेवून बघ. चोवीस पिनांची वायर वळायला दोन बोटं जागा आहे का? ती वायर म्हणजे काथ्याचा दोर असतो, ऐनवेळी वळत नाही. माझ्याकडे एकदा ती वळवता वळवता शेजारचा यूएसबीचा कनेक्टर आडवा झाला होता.

याच पुठ्ठ्यावर शोधायचा तो टाइप-सीचा हेडर, म्हणजे कॅबिनेटमधली वायर बोर्डाला जिथे लागते तो कनेक्टर. तुझ्या कॅबिनेटच्या तोंडावर टाइप-सीचं भोक असेल, आणि बी६५० वर त्याचा हेडरच नसेल, तर ते भोक जन्मभर शोभेचं. रोज फोन किंवा बाहेरची एसएसडी समोरून लावणारा असशील तर ही गोष्ट साडेपाच हजारांची आहे की नाही ते तू ठरव. मी असतो तर मागून एक वायर पुढे ओढली असती. पण माझी अट एवढीच: हा हेडर, मागचे यूएसबी पोर्ट आणि पंख्यांचे हेडर, तिन्ही मोजून बघ. कीबोर्ड, माउस, हेडफोन, कंट्रोलरचा रिसीव्हर, वेबकॅम... बोटं मोड. पोर्ट कमी पडत असतील किंवा चोवीस पिनांची वायर कॅबिनेटच्या भिंतीला टेकत असेल, तर बी८५० घे आणि माझं आतापर्यंतचं बोलणं सोडून दे. फक्त स्लॉट जेन ४ वर ठेवायला विसरू नकोस.

कूलरचंही याच बैठकीत बघून घे. तुझ्या असल्या सँडविच कॅबिनेटमध्ये (मधे पत्रा, दोन अंगांना बोर्ड आणि कार्ड) उंची कमी, आणि बोर्डावर एसएसडीचा हीटसिंक म्हणजे दोन मजली इमारत. नॉक्टुआचा एनएच-एल९ए-एएम५ ३७ मिलिमीटर उंचीचा आहे आणि सॉकेटच्या ठरलेल्या चौकटीबाहेर पसरत नाही, म्हणून तो कशालाच आडवा येत नाही. त्याहून मोठे कूलर थंड ठेवतात जास्त, पण रॅमच्या किंवा हीटसिंकच्या डोक्यावर चढतात. अकोल्यात बाहेर ४४-४५ असताना खोलीतलीच हवा तापलेली असते, तेव्हा बायोसमध्ये इको मोड (प्रोसेसरची वीज कमी करणारं सेटिंग) लावून टाक. गेममध्ये कळणारही नाही.

एक टोमणा मारल्याशिवाय राहवत नाही. कॅबिनेट आधी घेतलंस आणि मग बोर्ड शोधायला निघालास, म्हणजे आधी कळस मग पाया. मायक्रो-एटीएक्सचं २४ सेंटिमीटरचं बोर्ड बरंच स्वस्तात आलं असतं. असो. दोन फुटांच्या टेबलावर जेवणाचा डबाही ठेवायचा असतो, हे मलाही कळतं.

खरेदी पुण्यात कर किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दुकानातच खोका उघडायला लाव. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटला असतात, १७१८. काळं प्लास्टिकचं झाकण उचलून मोबाइलचा टॉर्च तिरका धर. सगळ्या पिना एका दिशेला शेतातल्या ओंब्यांसारख्या चमकल्या पाहिजेत. एखादी वेगळी चमकली तर बोर्ड तिथेच परत दे. वाकलेली पिन घरी सापडली की वॉरंटी नाकारायला आयतं कारण मिळतं. आणि ते झाकण फेकू नकोस, बोर्ड दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर तेच मागतात.

जुळवणी थेट कॅबिनेटमध्ये करू नकोस. बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेव. प्रोसेसर, कूलर, रॅम, एसएमपीएस, बस्स. चालू केलंस की पडदा काळाच राहील. डीडीआर५ पहिल्यांदा स्वतःला जुळवून घेत असते, त्याला काही मिनिटं लागतात. चहा टाक, बटणाला हात लावू नकोस. बी६५० वर एसएसडीचा दुसरा स्लॉट (एम.२) पाठीमागच्या बाजूला असेल, बहुतेक मिनी-आयटीएक्सवर असतो, तर पुढे कधी लागणारी दुसरी एसएसडी आत्ताच घेऊन टाकता आली तर बघ. नंतर तिच्यासाठी बोर्ड, कूलर, वायरी सगळं सोडवावं लागतं.

यूपीएस घेणार असशील तर ६०० व्हीएचा नको. तो साधारण ३६० वॅट देतो, आणि तुझं कार्ड १८० चं, प्रोसेसर ८८ चा, वर मॉनिटर. गेमच्या ऐन मोक्याला तो चीं करून बसेल. हजार-अकराशे व्हीएचा घे.

आणि अकोल्याला नेताना बसच्या डिकीत टाकू नकोस. टॉवेलात गुंडाळून सॅकमध्ये, सॅक मांडीवर. एवढं करूनही घरी पोचल्यावर पडदा काळा दिसला, तर घाबरायच्या आधी बाजूचा पत्रा काढ, रायझर केबलचं बोर्डाकडचं टोक उपसून पुन्हा कट्ट आवाज येईपर्यंत दाब. दहातल्या आठ वेळा तेच निसटलेलं असतं.